डोरलं कुठं हाय?

पोत तर तुम्ही काढून देल्ली वो बाई — हे पाहा, माह्या हातात हाय, काळे मणी हायेत, तार हाय, दोन बारके सोन्याचे मणी हायेत — पण डोरलं कुठं हाय? सकाळी तुम्ही नाव लिहायले आल्या तवा मी पाह्यलं, मधात होतं, वाटाण्याएवढं, पदराआडून चमकून राह्यलं होतं. आता पोत उलटी केली, सुलटी केली, त मधली जागा रिकामी. नाई, नुसती मान हलवून चालत नाई, मले सांगा कुठं हाय ते. हरवलं? — हात असे केले म्हणजे हरवलंच ना. बरं, हरवलं असन. चार बाय चारची खोली, एक स्टूल, एक आरसा, दाराले पडदा, अन् दहा मिनिटात हरवलं. बसा. उभ्या नका राहू, बसा त्या स्टुलावर. आतमंधी पवनारचे एक बुवा झोपून हायेत, त्याईच्या पाठीचा फोटो चालू हाय, अजून अर्धा घंटा त ते काही बाहेर येत नाईत. आपल्या दोघीले वेळच वेळ हाय. पाणी घेता का? नाई? बरं, राह्यलं.

मी नलू. इथं सगळे नलूबाई म्हणतेत, तुम्हीही म्हणा. आठ वर्षं झाली मले या खोलीत. माहं काम काय, त फोटो काढायले आलेल्या बायाईच्या अंगावरचं सगळं काढून घ्याचं, टोपलीत ठेवाचं, चाबी कमरेले खोचाची, अन् बाई बाहेर आली का जिचं तिले परत कराचं. ऐकायले सोपं वाटते. पण अंगावर कुठं कुठं काय हाय हे बाईचं बाईलेच माहीत नसते — बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन, ब्लाउजचे हूक, दंडावरचा तावीज — जोडवी त निघतच नाईत, साबण लावून काढा लागते. एक म्हातारी आलती आष्टीकडची, तिच्या ओच्यात कोठीची चाबी निघाली, म्हणे मी ही सुनेच्या हाती देत नाई, मरायले टेकली तरी देत नाई. मी म्हटलं, आजी, मशीन ओढून घेईन, मंग सुनेलेही नाई अन् तुमालेही नाई. तवा कुठं देल्ली. हसा ना जी. बाया हसतेत हे सांगतलं की. बरं, नका हसू.

ते मशीन म्हणजे मोठा लोहचुंबक हाय. बंद कधीच नसते, हे ध्यानात ठेवा — आवाज थांबला तरी ओढणं सुरूच राह्यते. अन् नुसतं ओढलं त एक वेळ चालन, पण जिथं लोखंड असते तिथं फोटोत काळं भोक पडते. त्या भोकाच्या मागं काय हाय ते कोणालेच दिसत नाई, कितीही मोठा डॉक्टर असू दे. तुमची चिठ्ठी मी वाचली — सातवी शिकली हाय मी, अन् आठ वर्षं याच चिठ्ठ्या वाचून राह्यली — अंजू तुमचं नाव, गाव तळेगाव, वय अठ्ठावीस, उजव्या जबड्याखाली गाठ, चार महिने. डॉक्टरले एवढंच पाह्यचं हाय का ती पाण्याची पिशवी हाय का भरीव गाठ हाय, अन् भरीव असन त आतमंधी कुठवर पोचली. पाण्याची असली त तुम्ही सुटल्या. भरीव असली त ते आज कळणं अन् सहा महिन्यानं कळणं यात लय फरक हाय. म्हणून म्हणतो, त्या गळ्याच्या आसपास मले आज काही नाई पाह्यजे. तुमच्या डोरल्यावर माहा डोळा नाई वो. मले काय कराचं त्याचं.

आता सांगतो, राग मानू नका. ते तुमच्या सासूबाईचं हाय काम. शोभाबाई ना? तळेगावले कापडाचं दुकान हाय म्हणे तुमचं. बाहेर बाकावर बसल्या हायेत, देवाचं नाव घेऊन राह्यल्या. तुम्ही इकडं कपडे बदलायले आल्या तवा त्याईनं माहा हात धरला, अन् हळूच म्हणतेत, "बाई, सगळं काढा, तेवढं राहू द्या." गोड बाई हाय. डोळ्यात पाणी होतं. मी त्याईले बाकावर बसवलं अन् आत आली.  असा हात धरणारी ती काही पहिली नाई. महिन्यात चार-दोन अशा येतेतच. कोणाची सासू, कोणाची माय, कधी कधी त बाई स्वतःच. डॉक्टर म्हणते अडाणी हायेत. त्याईले काय होते म्हणायले. त्याईच्या गळ्यात काही नसते.

हा घ्या, हा धागा. हळद लावलेला हाय, मधात हळकुंड बांधलं हाय, गेल्या आठवड्यात पंधरा करून ठेवले मी. लग्नात पोत ओवून येईपर्यंत बाईच्या गळ्यात हेच बांधतेत ना, मंग अर्ध्या घंट्यापुरतं काय हरकत हाय? यात लोखंड नाई, पितळ नाई, मशीनले याचं काही घेणं नाई. धीरज म्हणून पोरगा हाय आतमंधी, फोटो काढणारा, त्याले मी विचारून घेतलं हाय, तो म्हणते, नलूबाई, धागा चालते. थांबा, मी बांधतो. मान खाली करा. असं. झाला गळा भरलेला. आता सांगा डोरलं कुठं हाय — नाई? तरीही नाई?

मंग केस सोडा. सोडा म्हणतो ना अंबाडा. नाई त मलेच सोडू द्या. बोटं थंड हायेत माही, एसीत राहून राहून होते असं — नाई. केसात नाई. मले वाटलं केसातच असन. अंबाड्यात, मागं, मानेच्या वर, जिथं खोपा घट्ट बसते तिथं कोणी हात लावत नाई. — थांबा, केस परत बांधून देतो.  एक बाई आलती इथं, तिनं तिथं ठेवलं होतं. ठेवलं होतं म्हणजे, तिनं नाई, तिच्या सासूनं.

सांगतो ना. वेळ हाय. तीन वर्षं होतीन येत्या पोळ्याले. पंचवीस-सव्वीसची होती पोरगी, गोरीगोमटी, बोलायले मोकळी. डोकं दुखाचं तिचं. सकाळी उठली का दुखाचं, उलटी व्हाची, अन् मंग दिवसभर बरी. घरच्याईले वाटलं दिवस गेले, सासू त खूश झाली, बाप्पा, तिनं बाळंतविड्याची साडीपण पाहून ठेवली. मंग चालताना तोल जायले लागला. पाण्याची घागर घेऊन येता येता भिंतीले खेटली. तवा डॉक्टरनं लिहून देल्लं, डोक्याचा फोटो काढा. इथंच आली ती. याच स्टुलावर बसली. तिच्या सासूनं तिच्या बांगड्या काढल्या, कानातलं काढलं, जोडवी काढली, सगळं टोपलीत ठेवलं. पोतीवर हात गेला अन् थांबला. सासूले सगळं माहीत होतं बरं का, लोखंड काय, चुंबक काय, काळं भोक काय. अडाणी नव्हती ती. पण हात थांबला. अन् त्याच आठवड्यात धीरज कोणाले तरी सांगून राह्यला होता का सोन्याले चुंबक ओढत नाई. तेवढं एक वाक्य तिनं धरून ठेवलं. पोत काढली, तारेतून डोरलं सोडवलं, पोरीले म्हटलं, केस नीट बांधून देतो, खाली मान कर. पोरगी डोकं धरून बसली होती, डोळे मिटून. सासूनं अंबाडा घातला, अन् काळ्या दोऱ्यानं डोरलं त्यात बांधून मी वरून —

हो. मीच.

मीच होती ती सासू. आता तोंडातून निघालंच हाय त राहू दे. मोहिनी तिचं नाव. माही सून. आदेशची बायको. आदेश माहा एकुलता एक पोरगा, इलेक्ट्रिकचं काम करते, नालवाडीत राह्यतो आम्ही तिघं. अशी नको पाहू माह्याकडं, पोरी. तू तू करून राह्यली मी आता, चालते ना? माह्या सुनेच्याच वयाची हायेस तू.

काऊन केलं म्हणशील. सांगतो, मंग तुले तुही सासू समजन. आदेश चार वर्षाचा होता तवा माह्या पोतीची तार तुटली. मी ती बाजारात पटव्याकडं गाठवायले देल्ली. तो म्हणे, परवा या. मी धागा नाई बांधला. माय म्हणे, गळा रिकामा ठेवू नको, हळकुंड बांध, अन् मी हसली, म्हटलं, दोन दिवसानं काय होते. तरुण होती ना. तिसऱ्या दिवशी रूपराव, म्हणजे आदेशचे बाबा, वावरात मोटर सुरू करायले गेले, खाली ओल होती, वायर उघडी होती. तिथंच चिकटून राह्यले. मी पटव्याच्या दुकानी उभी होती तवा. पोत माह्या हातात होती, गाठवून तयार, अन् जेठाचा पोट्टा सायकल घेऊन आला. ती पोत मी गळ्यात घातलीच नाई. घालायले उरलंच नाई काही. कोणी मले काही बोललं नाई बरं, सासूही नाई बोलली. पण माहं मले माहीत होतं. सव्वीस वर्षं मी ते घेऊन फिरली. इथं नोकरीले लागली अन् रोज पाच-सात बायाईचे गळे रिकामे करायले लागली, तवा आतमंधी काही हललं नाई, कारण ते दुसऱ्याचे नवरे होते. खरं सांगतो. दुसऱ्याच्या नवऱ्यावर मी काढ म्हटलं का काढ. माह्या पोराची वेळ आली तवा हात थांबला.

अन् ते सोनं नव्हतंच, पोरी. तेच त. खरं डोरलं घरी डब्यात होतं. बसनं जाणं-येणं, गळे तोडणारे फिरतेत, म्हणून मीच तिले एक ग्रॅमवालं घेऊन देल्लं होतं, वरून मुलामा, आतमंधी काय कोणाले ठावं. पण हळदीकुंकू लावून देवापुढं ठेवून मंग तिच्या गळ्यात घातलं होतं ना मी. त्याले खोटं कसं म्हणाव? माह्या मनात ते सोनंच झालं होतं. मशीननं नाई मानलं.

ती आत गेली. मी इथंच, या पडद्याजवळ उभी. टक टक टक सुरू झालं. वीस मिनिटं झाली असतीन, धीरज बाहेर आला, नवीन होता तवा, घाबरलेला. म्हणे, नलूबाई, हिच्या डोक्यामागं काहीतरी हाय, फोटो अर्धा काळा येऊन राह्यला, नीट तपासलं का तुम्ही? दार उघडं होतं आतलं. तवाच, पोरी. तवाच मले बोलाचं होतं. दोन पावलं जाऊन अंबाडा सोडाचा होता, बस. काय झालं असतं, तो ओरडला असता, डॉक्टर रागावला असता, फार त नोकरी गेली असती. मी म्हटलं, "तपासलं ना. लहानपणी पडली होती ती, टाके हायेत तिथं, तारेचा तुकडा राह्यला असन." इतकं सरळ आलं तोंडातून का मलेच नवल वाटलं. तो म्हणे, मंग आधी सांगाचं ना, अन् घाईघाईत तिले बाहेर काढलं. बाहेर आल्यावर मी तिचे केस सोडले, डोरलं काढून परत तारेत घातलं. तिचं कपाळ घामानं भिजलं होतं. ती म्हणे, "आई, आतमंधी कोणी तरी माहे केस ओढून राह्यलं होतं. मागून." मी म्हटलं, वाटते असं. ती म्हणे, तुम्ही सांगतलं होतं हलू नको म्हणून, मी हलली नाई. अन् तिनं पदरानं तोंड पुसलं.

तेव्हापासून ते मशीन सुरू झालं का मले ते ऐकू येते. आता येऊन राह्यलं ना, बुवांचं, टक टक, तुले आवाज ऐकू येते, मले त्याच्याखाली ती ऐकू येते. दिवसातून पाच वेळा, सात वेळा. जागा बदलून मागितली, त म्हणतेत बायाईच्या खोलीत तुमच्यासारखी दुसरी कोण हाय. खरं हाय. इतकं बारीक कोणी तपासत नाई.

नाई, तेवढ्यावरच झालं असतं त बरं होतं. रिपोर्ट आला. त्यात लिहिलं होतं, मागचा भाग धातूमुळे नीट दिसत नाही, बाकी ठीक, गरज वाटल्यास दुसऱ्या पद्धतीनं तपासणी करावी. तो रिपोर्ट मीच घरी नेला. आदेश तारा ओढून थकून आलता, म्हणे, आई, काय हाय त्यात? मी म्हटलं, सगळं बरोबर हाय, डोकेदुखी हाय, गोळ्या देल्ल्या. अन् तो कागद फोटोसकट धान्याच्या कोठीमागं ठेवला. आता विचारशील, हे काऊन? डोरल्याचं समजते, हे काऊन? हे मी माह्या मनालेही नीट कधी सांगतलं नाई. दुसऱ्यांदा फोटो काढला असता त काळा डाग गेला असता. अन् धीरजनं विचारलं असतं, नलूबाई, टाके कुठं गेले? एवढ्यासाठी. पोराचा जीव त आधीच वाचवून झाला होता ना माह्या लेखी. हे माह्या तोंडासाठी होतं.

गोळ्यानं बरं वाटलं तिले थोडं. मंग आठ महिने. एक दिवस म्हणे, आई, भिंतीवरचं घड्याळ धुरकट दिसते. मी फडक्यानं घड्याळ पुसलं. एक दिवस भाजी निवडता निवडता अळी दिसली नाई तिले. मंग अंगणात पडली त उठलीच नाई, मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं परत फोटो. मागच्या बाजूनं पाण्याची पिशवी, अन् पिशवीच्या भिंतीले लागून गाठ, लिंबाएवढी. डोक्यातलं पाणी अडवून ठेवलं होतं तिनं, त्याचा दाब डोळ्याच्या नसांवर आलता. तिथल्या डॉक्टरीण बाईनं आदेशले बसवून समजावून सांगतलं — गाठ साधी हाय, जीवघेणी नाई, पूर्ण निघते. पण नसा वाळल्या. वर्षभर आधी निघाली असती त डोळे राह्यले असते. वर्षभर नाई, सहा महिने आधीही चाललं असतं. मी मागं उभी होती, टिफिन धरून.

जगली ती. चांगली हाय. ऑपरेशन झालं, डोकं दुखत नाई, तोल जात नाई. दिसत नाई फक्त. उजेड-अंधार समजते, बाकी नाई. घरातलं सगळं हातानं करते, चहाही करते, कपाची दांडी कोणीकडं हाय ते बरोबर समजते तिले. ड्युटीवर याच्या आधी मी रोज तिचे केस विंचरून देतो. आता लांब झाले परत. मागं जखमेची रेघ हाय, तिथं कंगवा हळू फिरवा लागते.   मंग मी बस धरून इथं येतो अन् दुसऱ्या बायाईचे केस सोडतो.

अन् आता जे सांगतो ते तुह्या सासूलेही सांगजो, घरी गेल्यावर. मोठ्या दवाखान्यात ऑपरेशनच्या आधी तिचं सगळं काढलं. डोकं भादरलं. पोत काढली, बांगड्या काढल्या, एका पिशवीत बांधून माह्या हातात देल्लं. मी नर्सले म्हटलं, एक धागा तरी बांधू द्या. ती म्हणे, काही नाई चालत. अकरा दिवस, पोरी. अकरा दिवस तिच्या गळ्यात सूतसुद्धा नव्हतं. अन् मी तिच्याकडं कमी अन् आदेशकडं जास्त पाहून राह्यली होती. रस्ता ओलांडाले गेला का माहा जीव वर. बटनाले हात लावला का जीव वर. पहिला दिवस गेला, तिसरा गेला — तिसऱ्या दिवशी मी पाणी नाई पेली — पाचवा गेला. तो बाकावर झोपाचा, उठाचा, कँटीनमंधी आलुबोंडा खायचा, फोनवर कामाचं बोलाचा. त्याले साधी सर्दी नाई झाली. अकराव्या दिवशी जवा तिची पट्टी सोडली अन् ती म्हणे लाइट लावा ना, तवा तो तिचा हात धरून ठणठणीत उभा होता.

मंग रूपराव कशानं गेले होते? सांग ना तू. मी सव्वीस वर्षं — ओल होती, वायर उघडी होती. एवढंच होतं का? इतकं साधं? मंग मी ते कायले वागवत राह्यली, अन् त्याच्यापायी या पोरीचं —

बस. रडाचं नाई मले, ड्युटी हाय.

टक टक थांबली पाहा. बुवा आता उतरतीन. धीरज चादर बदलन, दोन मिनिटं, अन् तुलेच आवाज देईन. अंजू, माह्याकडं पाहा. मघाशी पाणी देल्लं त नाई घेतलं. हसवलं त हसली नाईस. अर्धा घंटा मी बोलून राह्यली अन् तुह्या तोंडातून एक अक्षर नाई निघालं, हूं नाई का चूं नाई. मले वाटलं भेली हाय पोरगी. गिळताना तू असं का करतेस, हळूच, मान तिरपी करून?

तोंड उघड.

उघड पोरी. उजव्या गालात हाय ना? अगं माय, गाठीच्या अगदी वरच ठेवलं तू. तिथं उताणं झोपा लागते, अर्धा घंटा, आवंढा गिळला अन् घशात गेलं त? अन् नाई गेलं तरी नेमकं तिथंच काळं भोक. बाहेर शोभाबाई देव देव करून राह्यल्या, त्याईचा पोरगा दुकानात बसून कापड मोजून राह्यला असन, त्याले काही होत नाई. मी पाह्यलं हाय. अकरा दिवस पाह्यलं हाय. जे होईन ते तुलेच होईन. हा माहा हात हाय. टाक याच्यावर.

शाबास.

ओलं असू दे, मी पुसतो. आता पाणी पे. पे गटागटा. हे पाहा, पोतीसंगं टोपलीत ठेवलं, कुलूप लावलं, चाबी माह्या कमरेले. सासूले मी सांभाळतो, तू काही बोलू नको, मी म्हणीन हळदीचा धागा बांधून देल्ला, त्या मानतीन. मानल्या नाई त माह्यासंगं नालवाडीले या म्हणीन, सून दाखवतो माही.

काय? — आता बोलली, अन् बोलली त हेच विचारतेस, कोणाकोणाले माहीत हाय?

आदेशले डोरल्याचं नाई माहीत. धीरजले नाई माहीत, तो अजून मले कोणत्याही पेशंटबद्दल विचारते, नलूबाई, टाके वगैरे नाईत ना. शेजारपाजारी कोणालेच नाई. — तिले? मोहिनीले?

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीण बाईनं जुना फोटो उजेडावर धरला. कोठीमागून आदेशनंच शोधून आणला होता. म्हणे, हा इतका मोठा काळा डाग कशाचा हाय? हा नसता त तवाच दिसलं असतं. डोक्यात काही होतं का तुमच्या? खोलीत आम्ही चौघंच.  मी म्हटलं, आता सांगतो, काय होईन ते होईन, अन् तोंड उघडलं. पण माह्या आधी ती बोलली. पलंगावरून, आवाजाच्या दिशेनं मान करून. म्हणे, "लहानपणी पडली होती मी. टाके हायेत तिथं. तारेचा तुकडा राह्यला असन."

माहेच शब्द. एक शब्द इकडचा तिकडं नाई.

दुसऱ्या दिवशी डोकं भादरलं तवा तिथं टाक्याची खूण नव्हती. डॉक्टरीण बाईनं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं, अन् हातमोजे घातले.

— हो हो धीरजभाऊ, तयार हाय, सगळं काढलं. जा पोरी तू. उताणं झोपजो, डोळे मिटून घेजो. अन् आतमंधी कोणी ओढते असं वाटलं त हलजो, ओरडजो, बटन हाय हातात ते दाबजो. फोटो खराब झाला त होऊ दे. जा.